खुटकटाईची साक्ष

दुसरं गाणं संपायच्या आत आमचे पाळकसाहेब हात वर करायचे आणि म्हणायचे, "मंडळी, बाहेर चला." तसं झालं की समजायचं, आज पाठ बाहेर आहे. पेटीवाला पेटी तशीच सोडायचा, बायका लेकरं काखेत मारायच्या, म्हातारे चपला शोधत बसायचे आणि पत्र्याच्या प्रार्थनाघरातून आमची अख्खी मंडळी साहेबांच्या मागे रांगेनं चालायला लागायची. कधी वारुळापाशी, कधी बांधावरच्या मोहाखाली, कधी रेल्वेलाइन ओलांडून नाल्यात. आमचं गाव गोंदियाकडचं, सालेकशाच्या बाजूचं, जंगलाला टेकलेलं. ख्रिस्ती घरं वीस-बावीस. बाकीचं गाव दारात उभं राहून आमची मिरवणूक बघायचं. एक म्हातारा तर दर रविवारी न चुकता म्हणायचा, "निघाली सायबाची ढोरं चराले."

साहेबांचं म्हणणं असं, की देवानं ख्रिस्ती माणसाला जे जे शिकवायचं ते सगळं झाडापानांत लिहून ठेवलंय. "निसर्ग हे देवाचं हस्ताक्षर आहे आणि तुम्ही सगळे अंगठाछाप," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते हसत म्हणायचे. आमच्यातले निम्मे लोक खरोखरच अंगठा लावणारे होते, तेही हसायचे. मी मात्र लहानपणीही हसले नाही. माझा बाप अंगठा लावायचा.

साहेब मूळचे दुसरीकडचे, मोठ्या शहरातले. बोलणं अगदी छापील. पांढरा शर्ट, आणि त्या शर्टाचा खिसा म्हणजे एक गोदाम. गांधीलमाशीचं मातीचं घर, सावरीचा कापूस, सापाची कात, वाळलेला सरडासुद्धा एकदा निघाला. पाळकीणबाई धुणं धुताना आधी खिसा उलटा करायच्या आणि शेजारणींना म्हणायच्या, "देवानं सहा दिवसांत जग केलं, आणि आमच्या साहेबांनी ते माझ्या बादलीत आणून टाकलं."

वारुळासमोर ते खुर्ची टाकून बसायचे. तास तास. जाणाऱ्यायेणाऱ्यानं "का चाललं जी साहेब?" म्हटलं की बोट ओठांवर. "यांची सभा चालू आहे." माणसांनाही ते झाडांची नावं द्यायचे. सरपंचाला साग म्हणायचे, सरळ पण सावली न देणारा. माझ्या आईला बोर, गोड पण काटेरी. आई म्हणायची, "मले काटे हायेत मनून बोरं शिल्लक हायेत, सांगजो साहेबाले."

एकदा लाल मुंग्यांचा पाठ होता. आंब्याच्या झाडावर पानं चिकटवून त्या घर बांधतात ना, त्या. साहेबांनी मंडळीच्या एकोप्यावर बोलता बोलता त्या घरट्यात हात घातला. का घातला, कोणाला कळलं नाही. मुंग्या दंडापर्यंत चढल्या. साहेब तोंडावरचं हसू न हलवता म्हणाले, "बघा, एकीला धक्का लावला की सगळ्या धावतात. मंडळी अशी हवी." मागून एक आजा म्हणाला, "साहेब, आमी त याची चटनी खातो जी. हात झटका." त्या दिवशी सुजलेल्या हातानं त्यांनी प्रभुभोजनाची भाकर वाटली आणि पहिल्या ओळीतल्या पोरी ओढण्या तोंडात कोंबून बसल्या होत्या.

हे सगळं गमतीचं वाटतं. वाटायचंच. बाहेरून कोणी पाहुणे आले की साहेबांचं फार कौतुक करून जायचे. पण मला तेव्हाही एक गोष्ट खुपायची. ज्या जंगलात साहेब पाठ शोधायचे, त्यात आम्ही पोट शोधायचो. मोह वेचायचा, तेंदू तोडायचा, लाकडं आणायची. आम्हाला झाड दिसलं की त्याचं काम दिसायचं. त्यांना त्याचं काम कधीच पडलं नाही.

एका गोष्टीचा मान मी त्यांना देते, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. मी सातवीत असताना बाबांना टायफॉइड झाला, ते सालेकशाच्या दवाखान्यात होते. साहेब चार दिवस त्यांच्या खाटेशी बसले. पाणी पाजलं, घाण काढली, आईला झोपायला पाठवलं. त्या चार दिवसांत एकही पाठ नाही. खिडकीबाहेर पिंपळ होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तो माणूस मला आवडला होता. बाबा घरी आल्यावर दुसऱ्याच रविवारी साहेबांच्या पाठात त्यांच्या तापाची पानगळ झाली आणि अंगातली ताकद म्हणजे नवी पालवी झाली. बाबा पहिल्या ओळीत मान खाली घालून बसले होते.

आता मुख्य गोष्टीवर येते.

आमच्या मंडळीतून दरवर्षी बारावी पास झालेल्या एका मुलाला किंवा मुलीला नागपूरच्या एका वसतिगृहात फुकट जागा मिळू शकायची. राहणं, जेवण आणि कॉलेजची फी, सगळं संस्थेचं. त्यासाठी एकच अट: पाळकाचं शिफारसपत्र जूनअखेर तिथं पोहोचलं पाहिजे. पत्र नाही तर जागा नाही. आमच्या गावातून त्या वेळेपर्यंत एकही मुलगी कॉलेजात गेली नव्हती. मुलगेही दोनच. आमच्या सगळ्या घरांना त्या पत्राची किंमत माहीत होती. साहेबांनाही होती.

माझी बारावीची परीक्षा संपली तेव्हा मोहाचे दिवस होते. त्या रविवारी "मंडळी, बाहेर चला" झालं आणि आम्ही आमच्याच बांधावरच्या मोहाखाली उभे राहिलो. साहेब वर बघून म्हणाले, "हे झाड मागत नाही, बोलत नाही. पहाटे आपलं सगळं फूल जमिनीवर ठेवतं आणि गप्प राहतं. ख्रिस्ती माणसानं असं द्यावं."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, पेपर चांगले गेले होते आणि जीभ सुटली होती. मी म्हटलं, "साहेब, खालची जमीन काळी काऊन हाय, ते बी सांगा न."

"काय?"

"आमी खाली आग लावतो जी. पाला जाळतो, मंग फूल दिसते. झाड त टाकून मोकळं होते. वेचाले पहाटेपासून माही माय वाकून राहते. तिचा पाठ कोन सांगन?"

सगळे हसले. आई सगळ्यांत मोठ्यानं हसली. साहेबही हसले. मग मला म्हणाले, "हुशार आहेस. पण तुला पान फार झालंय."

मला ती स्तुती वाटली.

पुढच्या रविवारी आम्हाला त्यांनी तेंदूकडे नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूचं पान बिडीला लागतं. उन्हाळ्याआधी जंगलातली तेंदूची झुडपं बुडापासून कापून टाकतात. त्याला आमच्याकडे खुटकटाई म्हणतात. कापलेल्या खुंटाला महिना-दीड महिन्यात मऊ, मोठं, बिनडागी पान फुटतं. तेच तोडायचं, सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, नेऊन द्यायचा. न कापलेल्या झुडपाचं पान चिवट निघतं. फळीवरचा मुन्शी ते घेत नाही.

साहेबांनी एका खुंटावरची तांबूस पालवी दोन बोटांत धरली. "ज्याच्यावर देवाचं प्रेम आहे त्याला तो छाटतो. कापलं नाही ते निबर होतं. मंडळी, आपली खुटकटाई होऊ द्या." त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं की नाही, हे आज मला आठवत नाही. पाहिलं असेल.

निकाल लागला. मंडळीत मी पहिली आले. गावात पहिली, खरं तर. फॉर्म भरून साहेबांकडे दिला. ते म्हणाले, "पाठवतो." जून गेला. जुलैत पेरण्या आटोपल्या, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, वीतभर झाले, तरी नागपूरहून काही नाही. मी साहेबांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून एका कोळ्याकडे बघत होते.

"साहेब, पत्राचं काही कळलं का जी?"

"पाठवलं नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काऊन जी?"

"तुझी खुटकटाई केली," ते म्हणाले. आवाज इतका मऊ, जणू मला काहीतरी देत होते. "एक वर्ष थांब. गर्व गळू दे. मग बघ कसं पान फुटतं. आज तुला राग येईल. एक दिवस तूच साक्ष देशील."

पाळकीणबाई दारात उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं यांना," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचं घरात कोण ऐकणार? साहेबांनी त्यांना वेल म्हटलं होतं.

माझ्या जागेवर दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तरी मला कमी जळलं असतं. त्या वर्षी ती जागा रिकामीच राहिली.

मी भांडले नाही. तिथंच रडले, हे मला आजही आवडत नाही. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मी डोळे मिटून उभी राहिले. राग म्हणजे पाप, पाळकाला उलट बोलणं म्हणजे त्याहून मोठं, असं आम्ही लहानपणापासून शिकलो होतो. त्यांना माझ्याबद्दल आकस नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आकस असता तर बरं झालं असतं. आकसाशी भांडता येतं.

त्या वर्षी मी रोवण्याला गेले, धान कापला, आणि उन्हाळ्यात आईबरोबर पान तोडायला गेले. एकदा पुडे बांधता बांधता मी आईला साहेबांचा पाठ पुन्हा सांगितला. कदाचित तो खरा असेल, असं मला तोवर वाटायला लागलं होतं. वर्षभर रोज एखादी गोष्ट मनात घोळवली की ती खरी वाटायला लागते.

आईनं पुड्याला गाठ मारली. "त्यानं कवा तोडलं पान?"

"नाई तोडलं."

"मंग? खुट कापतेत ते जुन्या झुडपाचं. त्याची जड खाली मानसायेवढी गेली राहते. मनून कापलं तरी फुटते. औंदा उगोलेलं रोपटं कापून पाहा मना त्याले. मरते ते." मग दुसरा पुडा हातात घेत म्हणाली, "अन् कापनारा कापते त पानासाठी कापते वो. बिडीसाठी. झाडाचं भलं व्हावं मनून कोनी कुराड नाई चालोत."

माझ्या आईला वाचता येत नाही. साहेबांच्या भाषेत अंगठाछाप. मी पुढं बी.ए. केलं, बी.एड. केलं, पण त्या दिवशी पुडे बांधताना ती जे बोलली त्याच्या तोडीचं मला कोणत्याच वर्गात ऐकायला मिळालं नाही.

पुढच्या वर्षी साहेबांनी स्वतःहून निरोप पाठवला, फॉर्म आण, पत्र देतो. मी गेले नाही. गोंदियाला गेले. तीन मुलींत एक खोली, सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. सकाळी कॉलेज, दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात. मालक ओरडायचा, "मॅडम, हाथ चलाओ, ट्रेन छूट रही है क्या?" दुसऱ्यांच्या नोट्स, दुसऱ्यांचे दाखले, दुसऱ्यांची शिफारसपत्रं, सगळी माझ्या हाताखालून गेली. तीन वर्षांनी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली, गावातली पहिली पोरगी. हे मी मिरवून सांगते आणि सांगत राहीन.

आता माझ्या चुकीचं सांगते.

त्या वर्षी कापणीच्या सणाला मी गावी आले. नवी साडी नेसले होते, मुद्दाम. धानाच्या लोंब्या, भोपळे, कोंबड्या असं सगळं वेदीपुढे मांडलेलं. साहेबांनी मला नाव घेऊन पुढं बोलावलं. "आपली लेक पदवीधर झाली. ती साक्ष देईल."

साक्ष काय असते ते बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्याकडे माणूस मंडळीपुढं उभा राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. पण त्याचा एक साचा आहे. आधी मी वाईट होतो, मग देवानं मला मोडलं, मग आशीर्वाद आला. दारू सुटलेला माणूस असंच बोलतो आणि हरवलेली कोंबडी सापडलेली बाईही असंच बोलते. त्या साच्याबाहेर कोणी बोलत नाही. बोललं तर मंडळीला कळायचं नाही, 'आमेन' कुठं म्हणायचं.

मी पुढं उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते फार आवडलं. माझं तोंड आपोआप त्या साच्यात गेलं. "मी गर्वी होते," मी म्हटलं. "पाळकसाहेबांनी माझी खुटकटाई केली. म्हणून आज मला नवं पान फुटलंय."

टाळ्या. आमेन. हालेलुया. साहेबांचे डोळे भरून आले. झेरॉक्सच्या दुकानाचं मी एक अक्षर बोलले नाही. त्यात देव कुठं बसवायचा ते मला सुचलं नाही.

घरी जाताना आई म्हणाली, "खोटं बोलली तू."

"साक्षेत तसंच बोलतेत माय."

"देवाच्या घरात खोटं बोलली," ती म्हणाली, आणि भरभर पुढं निघाली.

त्यानंतर साहेबांना माझ्याशिवाय पाठ सुचेना. दर उन्हाळ्यात तेंदूच्या खुंटापाशी मी. तरुणांच्या सभेत मी. दुसऱ्या गावच्या मंडळीतही मी. लोक मला ओळखायचे, "तेंदूवाली बाई तुमीच का?" मला राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं. मी नाकारलं नाही.

आमच्या शेजारी एस्तेर नावाची पोरगी होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे मी सहजासहजी कोणाबद्दल म्हणत नाही. माझी जुनी पुस्तकं तीच वापरायची. माझ्या साक्षेनंतर दोन वर्षांनी ती बारावी झाली, पहिल्या वर्गात. मी तोवर गोरेगावला शाळेत लागले होते. नाताळाला गावी आले तर शेजारच्या घरात एस्तेर नाही. तिची आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"एस्तेर नागपूरले गेली न काकू?"

"लगन झालं वो तिचं. भादव्यात. तिकडं छत्तीसगडात देली."

"लगन? अन् पत्र?"

"साहेबानं औंदा रोखलं होतं. पोरगी भलती बोलते म्हने. एक साल थांबू दे, तुमच्या शेजारच्या बाईसारखं होईल म्हने. मी म्हटलं, होऊ द्या. तुले त मी डोळ्यानं पायलं होतं पुढं उभी राहून बोलताना." सूप थांबलं नाही. "मंग तिच्या मामानं स्थळ आनलं. घरात बसून पोरगी काय करन? देली."

एस्तेरला तिथं कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. चांगले लोक आहेत. शेत आहे, दोन म्हशी आहेत. तिच्या हातात पुस्तक नाही, एवढंच.

मी साहेबांकडे गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला हिंमत झाली नाही. शाळेत पोरांना 'खरं बोला' शिकवायचं आणि रविवारी गावी गेलं तर मागच्या ओळीत बसायचं, असे सहा महिने गेले.

जून आला. त्या वर्षी पास झालेला एक मुलगा होता, बाप रेल्वेलाइनवर गँगमन. रविवारी साहेबांनी त्याला पहिल्या ओळीत बसवलं आणि सुरू केलं, "तेंदूचं झुडूप..." मला पुढचं सगळं पाठ होतं. माझं नाव कुठं येणार तेही. नाव आलं आणि मी उठले.

"साहेब, ती साक्ष खोटी होती."

पेटीवाल्यानं उगाच एक सूर दाबला आणि सोडला.

"मी खोटं बोलली होती," मी म्हटलं. इतक्या वर्षांचं छापील बोलणं कुठं गेलं कोण जाणे. "तुमच्या कापन्यानं मले काही फुटलं नाई. मी झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून शिकली. तुमी माहं एक वर्ष खाल्लं. एस्तेरचं त सगळंच खाल्लं. अन् ते माहं नाव सांगून खाल्लं. या पोराचं पत्र आज लिवा. आत्ता. इथं."

कोणीतरी "बस वो बाई" म्हणालं. गँगमन उभा राहिला, पण माझ्या बाजूनं की माझ्यावर, ते त्यालाही ठरवता आलं नाही.  साहेबांनी खिशात हात घातला. त्या खिशात पेन नव्हतंच. पेटीवाल्यानं दिलं. वेदीच्या टेबलावर त्यांनी पत्र लिहिलं, सही केली आणि त्या मुलाच्या हातात दिलं. मी जिंकले असं मला वाटलं. पुढचे सात दिवस मी शाळेत ताठ चालत होते.

पुढच्या रविवारी साहेबांनी सापाची कात आणली.

"मंडळी, साप मोठा व्हायचा असेल तर त्याला जुनी कातडी टाकावी लागते. टाकताना तो आंधळा होतो. गेल्या रविवारी एका लेकीनं माझी कात ओढून काढली. मी गर्वी होतो..." साचा तोच. वाईट होतो, मोडलो, आशीर्वाद आला. साहेब रडले. बायका रडल्या. गँगमन रडला. उपासना संपल्यावर म्हातारे मला म्हणाले, "पाहा, किती मोठा मानूस हाय. लेकरापुढे नमला." माझ्या रागाचाही त्यांनी पाठ करून टाकला होता आणि त्यात ते माझ्यापेक्षा उंच दिसत होते. एस्तेरचं नाव त्या साक्षेत नव्हतं. तिच्या गावची बस आमच्या फाट्यावरूनच जाते. मरेपर्यंत साहेब कधी त्या बसमध्ये चढले नाहीत.

साहेब गेल्या पावसाळ्याच्या आधी वारले. अंत्यविधीला चारी बाजूंनी माणसं आली. प्रत्येकाकडे एक एक पाठ होता. कोणी म्हणालं ते वड होते, कोणी म्हणालं चंदन. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. पाळकीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "बरं केलंस." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

एस्तेर आली होती. अंगानं वाळलेली, कडेवर एक मूल, दुसरं पदराला. मूठमाती देऊन ती फाट्याकडे निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. कितीतरी दिवस सांगायची होती.

"एस्तेर, मी साहेबाले भर मंडळीत बोलली होती. तुह्यासाठी. तुले कळलं का?"

"कळलं न. मायनं सांगतलं."

"त्याच्यानंतर त्यायनं कोनाचंच पत्र नाई रोखलं."

"चांगलं झालं."

ती मुलाचं नाक पुसत होती. मला वाटलं, ती अजून काही म्हणेल. मी वाट बघत होते, हे कबूल करते. साक्ष देताना जशी टाळ्यांची वाट बघत होते, तशीच.

"बाई," ती म्हणाली, "मी त्या वर्षी एकटीनं जानार होती गोंदियाले. तुह्यासारखी. पिशवी भरली होती. मायबी शेवटी हो म्हनली होती."

"मंग?"

"साहेब बोलला थांब. साहेबाचं मी कायले ऐकू? तो त सगळ्यायलेच झाडंझुडपं सांगत जाय." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू सांगतलं होतं न पुढं उभी राहून, कापल्यानं फुटते मनून. तुहं ऐकलं मी. मनून थांबली."

बस आली. तिनं आधी मोठं लेकरू चढवलं, मग लहान माझ्या हातात न देता स्वतःच एका हातानं दांडा धरून चढली. ती खिडकीशी बसल्यावर मी पर्समधून पेन काढलं. गोरेगावचा पत्ता, मोबाइल नंबर, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मी भरून देईन, असं काहीबाही एका दमात बोलायला लागले.

"राहू दे बाई," ती म्हणाली. रागानं नाही. बाजारात भाव पटला नाही की म्हणतात, तसं. आणि ती पलीकडच्या खिडकीकडे, लेकराला काहीतरी दाखवायला वळली.